टाचण्यांना पेरू दाखवण्याची गोष्ट

पदनाम: कीटक निर्मूलन सहायक (कनिष्ठ). वय: बावन्न वर्षे पूर्ण. उंची: पाच फूट एक इंच. ओळखीची खूण: डाव्या तर्जनीवर सुई टोचल्याचे जुने व्रण. सेवा: एकोणतीस वर्षे, अखंड. कर्तव्ये: फळबागांस उपद्रवकारक माश्यांचा समूळ नायनाट करण्याकामी वरिष्ठांस साहाय्य करणे. वर्तणूक: समाधानकारक. शेरा: निरंक.

सेवापुस्तकातली ही माहिती खरी आहे. फक्त कर्तव्यांचा रकाना तेवढा सोडून द्यायचा. सदर कर्मचारी रोज सकाळी साडेआठला येते, हात धुते आणि माश्यांना खायला घालते. या कक्षात आल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिने स्वतःहून एकही माशी मारलेली नाही. एकदा चुकून दारात एक चिरडली, तेव्हा ती दिवसभर हळहळत होती, कारण ती माशी अंड्यावर आलेली होती.

कचेरीत तिला सगळे मावशी म्हणतात. पाठीमागे माशीमावशी म्हणतात, आणि तिला ते ठाऊक आहे.

मावशीचा कक्ष म्हणजे इमारतीच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत फळमाश्या. जाळीचे पिंजरे, पिंजऱ्यांत बारीक भोकं पाडलेले प्लास्टिकचे पेले, पेल्यांच्या आत ओला स्पंज. माश्या त्या भोकांतून आत अंडी घालतात. अंडी पाण्याने धुऊन घ्यायची आणि कोंडा, साखर नि यीस्टच्या लगद्यावर पसरायची. आठवड्याभरात लगद्यात अळ्या वळवळायला लागतात आणि मोठ्या झाल्या की ताटाबाहेर चक्क उड्या मारतात. टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवलेले असतात, कारण मुंग्या. फळमाशीच्या अळीवर मुंगीचाही डोळा असतो, कोळ्याचाही असतो, बागेतल्या कोंबडीचाही असतो. पण त्यांच्यापैकी कुणाची कचेरीने रीतसर नेमणूक केलेली नाही.

नेमणूक आहे ती दुसऱ्या खोलीतल्यांची. त्यांना कागदोपत्री मित्रकीटक म्हणतात आणि मावशी टाचण्या म्हणते. मुंगीपेक्षाही बारीक, तपकिरी, मागे स्वतःच्या अंगाएवढी लांब सुई असलेली ही एक जातीची गांधीलमाशी. माणसाला ती काही करत नाही. तिची मादी फळात दडलेली अळी शोधते, सुई आत घालते आणि अळीच्या पोटात अंडं ठेवते. अळीला पत्ता लागत नाही. ती खाऊनपिऊन सुस्त होते, मातीत जाऊन कोष करते, आणि कोषातून माशीऐवजी टाचणी बाहेर येते. मावशी नव्या माणसाला हे सांगते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. नवा माणूस मात्र चहाचा कप खाली ठेवतो.

तर एवढ्या टाचण्या वाढवायच्या म्हणजे त्यांना रोज हजारो अळ्या हव्यात. म्हणून माश्या पाळायच्या. म्हणजे ज्यांचा नायनाट करायचा त्यांना आधी कोंडा, साखर आणि सत्तावीस अंश उबदार खोली. या खात्यात इतका सुखी कर्मचारी दुसरा नाही, असं मावशीचं मत होतं.

अळ्या टाचण्यांपुढे मांडायची रीत अशी. मूठभर अळ्या लगद्यासकट पातळ पांढऱ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधायच्या आणि पुरचुंडी पिंजऱ्यात टांगायची. टाचण्या कापडावर बसतात आणि कापडातूनच आत सुई घालतात. हे कापड सरकारी भांडारातून यायचं होतं. अकरा वर्षांपूर्वी मागणी गेली, ती अजून विचाराधीन आहे. तोवर काम अडू नये म्हणून मावशीने नवऱ्याचे जुने सदरे आणले. तिचा नवरा उन्हाळा असो की थंडी, पातळ पांढराच सदरा घालतो. कोपरावर विरला की सदरा निवृत्त होतो आणि पुरचुंड्या होऊन सेवेत रुजू होतो.

नवरा फळवाला आहे. मंडईच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे आणि दुकानावर पाटी आहे: अळी दाखवा, टोपली न्या. तीस वर्षांत दोघांनी अळी दाखवली. दोन्ही वेळा त्याने ती अळी नसून फळाची शीर आहे असं सिद्ध केलं. त्याच्याकडच्या प्रत्येक पेरूच्या देठाला दोन पानं असतात. मळ्यातून पेरू आले की तो स्वतः बसून निवडतो, एक पान कमी असलेला बाजूला काढतो, तीन पानं असली तर एक खुडतो. "पान ताजेपणाची सही असते," असं तो म्हणतो. बायको माश्यांच्या कचेरीत आहे हे तो गिऱ्हाइकांना सांगत नाही. "सरकारी नोकरीत आहे," एवढंच सांगतो आणि विषय केळ्यांवर नेतो.

घरात मात्र विषय टळत नसे.

"काय, आज किती पोरं जन्माला घातलीस?" तो जेवताना विचारी.

"चाळीस हजार."

"आणि मी इथे दिवसभर पंखा मारत बसतो."

"तुमच्या दुकानात माश्या आहेत?"

"एक नाही."

"मग पंखा कशाला मारता?"

यावर तो आमटी वाढून घेई.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना कक्षाच्या मॅडमनी बागेतली चाचणी ठरवली. मॅडम कीटकशास्त्र शिकून आलेल्या, वयाने मावशीच्या मुलीएवढ्या, आणि मावशीला विचारल्याशिवाय पिंजऱ्याचं दारही न उघडणाऱ्या. मुख्यालयाने विचारलं होतं की अकरा वर्षं तुम्ही जे वाढवताय ते बाहेर जाऊन काही करतं का. प्रश्न रास्त होता. गावाबाहेरच्या एका पेरूच्या बागेत दोन हजार टाचण्या सोडायच्या ठरल्या.

बागवाला साठीचा, हसरा, त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून पांढराशुभ्र सदरा घालून उभा होता. मॅडमनी डब्यांची झाकणं उघडली. टाचण्या वर उठल्या, क्षणभर हवेत घोटाळल्या, आणि लटकलेल्या पिवळ्या पेरूंना वळसा घालून बागवाल्याच्या पाठीवर जाऊन बसल्या.

सगळ्या नव्हेत. शे-दीडशे असतील. पण त्या तिथे ठाण मांडून बसल्या, मान खाली घालून, आणि एकेकीने सुई रोवून काम सुरू केलं.

"बाई," बागवाला न हलता म्हणाला, "यांना माझ्यात काय दिसलं?"

"टोचतंय का?"

"टोचत नाही. पण इतकं बारकाईने मला कुणी बघितलेलं नाही."

बाकीच्या कुंपणावर वाळत घातलेल्या उशीच्या पांढऱ्या अभ्र्यांवर सापडल्या. मॅडमनी वहीत लिहिलं: वारा प्रतिकूल. वारा मुळीच नव्हता.

बागेतून किडके पेरू आणले, वाळूवर ठेवले, कोष मोजले. चारशे कोषांतून तीनशे सत्त्याण्णव माश्या आल्या आणि तीन टाचण्या. मुख्यालयाचं पत्र आठवड्याच्या आत आलं, जे काम एरवी त्यांना जमत नाही. येत्या गुरुवारी शेवटची चाचणी घ्यावी. फल असमाधानकारक आढळल्यास कक्ष बंद करून खोल्या नादुरुस्त खुर्च्यांसाठी रिकाम्या कराव्यात. सहायकास आवक-जावक टेबलावर वर्ग करावे. टाचण्यांबद्दल पत्रात काही नव्हतं. ते लिहायची गरजही नव्हती. अळ्या मिळाल्या नाहीत तर त्या तीन आठवड्यांत संपतात.

मावशीने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि पाण्याच्या वाट्या भरायला घेतल्या. तिला आवक-जावकचं काही वाटत नव्हतं; तिथे खिडकी आहे, ऊन येतं. पण अकरा वर्षांत रविवार, सणवार, मुलीचं लग्न, स्वतःचा ताप, काही असो, या खोलीत एक दिवस खाडा झालेला नव्हता. दोनशेवीस पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. ते सगळं तीन आठवड्यांत मोडक्या खुर्च्यांखाली जाणार म्हटल्यावर तिने भरलेलीच वाटी पुन्हा भरली, आणि सांडलेलं पाणी मुंग्यांसाठी आहे असं मॅडमना सांगितलं.

शनिवारी दुपारी घरी ती कपडे दोरीवर टाकत होती. नवऱ्याचा सदरा झटकला आणि हात तसाच वर राहिला. बागवाल्याची पाठ. उशीचे अभ्रे. सदरा. तिने कपडे बादलीतच सोडले आणि सकाळी जाऊन आलेली असूनही पुन्हा कचेरी गाठली.

पिंजऱ्यात तिने एका बाजूला कापलेला पेरू ठेवला आणि दुसऱ्या बाजूला नुसतं कापड टांगलं. आत अळी नाही, लगदा नाही, काही नाही. दहा मिनिटांनी पेरूवर एक टाचणी होती, तीही पाय पुसत होती. कापडावर बसायला जागा उरली नव्हती.

तिने मॅडमना फोन केला. "मॅडम, आपण यांना अळी शोधायला नाही शिकवलं. आपण यांना आमच्या ह्यांचा सदरा शोधायला शिकवलं."

मॅडम वीस मिनिटांत आल्या, पिंजऱ्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दोनशेवीस पिढ्या, मावशी. यांच्या खापरपणजीनेही फळ पाहिलेलं नाही."

"आता?"

"या शिकतात हो. वास, रंग, जिथे पहिल्यांदा अळी मिळाली ते यांच्या लक्षात राहतं. सोडण्याआधी दोन-तीन दिवस खऱ्या फळातली खरी अळी मिळाली तर बागेत फळाकडेच जातील. पण किडके पेरू हवेत. आणि गुरुवारच्या आत."

बागेतले आणता येत नव्हते. चाचणीआधी तिथल्या एकाही फळाला हात लावायचा नाही असा मुख्यालयाचा नियम होता. मग त्यांनी कक्षातल्याच माश्यांच्या पिंजऱ्यात चांगला पेरू ठेवून पाहिला, की निदान अंडी तरी घालतील. माश्या पेरूशेजारी लग्नाला आलेल्या परक्या पाहुण्यांसारख्या बसून राहिल्या. त्यांनाही प्लास्टिकच्या पेल्यापलीकडे जग माहीत नव्हतं. आणि घातली असती तरी अळी मोठी व्हायला आठवडा लागतो. हातात होते चार दिवस.

"बाजारात मिळतील," मॅडम म्हणाल्या. "मावशी, तुमचे मिस्टर तर—"

"त्यांचं नाव काढू नका," मावशी म्हणाली. "मीच काढते."

रविवारी संध्याकाळी दुकानात गर्दी होती. नवरा एका बाईला पपई ठोकून दाखवत होता. मावशी काट्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि आवाज खाली ठेवून म्हणाली, "अहो, मला किडके पेरू हवेत."

पपई हातात तशीच राहिली. पपईवाल्या बाईने कान टवकारले.

"कसले?"

"किडके. अळी असलेले. चाळीस-पन्नास."

"ते वर काय लिहिलंय वाच."

"मी तीस वर्षं वाचतेय. पाटी मीच रंगवलीय."

"मग? इथे किडकं फळ मिळत नाही. समोर विचार, त्याच्याकडे सगळंच मिळतं."

"समोरचा औषध मारलेला माल आणतो. अळी मेलेली असते. मला जिवंत हवी."

"अगं, लोक ऐकतायत."

"म्हणून तर हळू बोलतेय."

तो पपई खाली ठेवून तिच्याजवळ आला. "काय झालंय?"

तिने सांगितलं. पत्र, खुर्च्या, गुरुवार, बागवाल्याची पाठ. सदऱ्याचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. दोनशेवीस पिढ्या आपल्या सदऱ्यावर वाढल्या हे ऐकून त्याने नकळत कॉलर नीट केली.

"बंद झालं तर?" त्याने विचारलं.

"मी आवक-जावकला. त्या जातील."

तो पाठ फिरवून पपईवाल्या बाईकडे गेला आणि मोठ्यांदा म्हणाला, "माझ्याकडे नाहीत. तीस वर्षांत नव्हते, आता कुठून आणू?"

मावशी घरी गेली. त्या रात्री तो जेवताना पोरांचा आकडा विचारायचं विसरला, आणि तिनेही सांगितला नाही.

सोमवारी सकाळी पावणेनऊला कचेरीच्या मागच्या फाटकाशी सायकल येऊन थांबली. मागे टोपली, टोपलीवर गोणपाट, गोणपाटावर आणखी एक गोणपाट. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, टोपली उतरवली आणि मावशीच्या पायाशी ठेवली.

"हे माझे नाहीत," तो म्हणाला.

"बरं."

"समोरच्याचे आहेत."

"बरं."

"त्याने फेकले होते. मी वाटेत उचलले."

मावशीने गोणपाटाचा कोपरा वर केला. सत्तेचाळीस पेरू. प्रत्येकावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग, कुठे कुठे डागाभोवती मऊ पडलेलं. तिने एक उचलून कानाशी नेला, मग दुसरा. मग गोणपाट परत नीट झाकलं, जसं तान्ह्याच्या अंगावर पांघरूण घालतात.

"समोरच्याला माझा नमस्कार सांगा," ती म्हणाली.

तो सायकलवर बसला, पण गेला नाही. "काम होईल ना यातून?"

"बघू."

टाचण्यांनी सोमवारी पेरूंकडे ढुंकून पाहिलं नाही. मॅडम हताश होऊन म्हणाल्या की वेळ कमी आहे, इतक्या लवकर शिकणार नाहीत. मावशीने ड्रॉवर उघडला, नवऱ्याचा शेवटचा विरलेला सदरा काढला आणि कात्री घेतली. संध्याकाळपर्यंत तिने सत्तेचाळीस छोट्या टोप्या शिवल्या आणि पेरूंना घातल्या, देठाकडचा भाग उघडा ठेवून.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"पोर नव्या शाळेत जात नसेल तर पहिल्या दिवशी आईचा रुमाल सोबत देतात."

टाचण्या ओळखीच्या कापडावर धावल्या. कापडाखाली अळी होतीच. मंगळवारी सकाळी मावशीने टोप्या अर्ध्या कापल्या. त्या कापडावर बसल्या आणि कडेकडेने पेरूच्या सालीवर उतरल्या. संध्याकाळी टोपी नाण्याएवढी राहिली. बुधवारी सकाळी तिने टोप्या काढून टाकल्या आणि पिंजऱ्यासमोर खाली बसली. एक टाचणी पेरूवर उतरली. मिशा आपटत ती सालीवरून चालत गेली, थांबली, मागे आली, आणि काळ्या डागाशेजारी सुई रोवली. मग दुसरी. दुपारपर्यंत पेरूंचा रंग दिसेना.

दुपारी फाटकाशी पुन्हा सायकल. नवरा आत यायला कधी तयार नसे. आज मावशीने त्याला पहिल्यांदा खोलीत आणलं. वासाने त्याने नाक धरलं, पण डोळे पिंजऱ्यावर होते. टेबलावर कापलेल्या टोप्यांचा ढीग होता. त्याने एक उचलून उजेडात धरली, शिवण पाहिली.

"हा तर माझा सदरा."

"हो."

"पेरू माझे नाहीत," तो म्हणाला. "पण टोप्या माझ्या आहेत."

"मॅडमना सांगते, अहवालात लिहायला."

"नको," तो घाईने म्हणाला.

गुरुवारी बागवाल्याला लाल चौकड्यांचा शर्ट घालून यायला सांगितलं होतं. कुंपणावरचे अभ्रे त्याच्या बायकोने आत नेले होते. डबे उघडले. टाचण्या वर उठल्या, हवेत घोटाळल्या. बागवाला सवयीने पाठ वाकवून उभा राहिला. एकही आली नाही. सगळ्या झाडांत शिरल्या, आणि मावशीच्या डोक्याच्या उंचीवर लोंबणाऱ्या एका पेरूवर तीन जणी उतरल्या.

"आज मी आवडलो नाही वाटतं," बागवाला म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी खंत होती.

पुढचे चार आठवडे मावशी वाळूच्या ताटांवर डोळ्यांत तेल घालून होती. या वेळी चारशे कोषांतून एकशे बेचाळीस टाचण्या निघाल्या. तिने त्या तीनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायचं काही कारण नव्हतं. मॅडमनी मुख्यालयाला कळवलं, आणि मुख्यालयाने नादुरुस्त खुर्च्यांसाठी जागा अन्यत्र शोधली जात असल्याचं कळवलं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने ताट वाढून घेतलं आणि विचारलं, "आज किती?"

"चाळीस हजार."

"आणि त्या दुसऱ्या?"

"सहाशे."

"तब्येती बऱ्या आहेत ना?" त्याने विचारलं, आणि आपण काय विचारलं हे लक्षात येऊन मिठाची बरणी पुढे ओढली.

अहवालाचं शेवटचं पान भरताना मॅडम एका रकान्यापाशी थांबल्या. "मावशी, किडक्या फळांचा स्रोत काय लिहू?"

मावशीने दुकानावरची पाटी आठवली, सायकलवरची दोन गोणपाटं आठवली. "बाजार लिहा," ती म्हणाली.

मॅडमनी ते शासकीय भाषेत उतरवलं आणि अहवाल रवाना झाला: "प्रशिक्षणार्थ वापरण्यात आलेली नैसर्गिकरीत्या प्रादुर्भावित फळे खुल्या बाजारातील विविध विक्रेत्यांकडून, कोणतीही पूर्वनिवड न करता, यादृच्छिक पद्धतीने संकलित करण्यात आली. विक्रेत्यांची ओळख पटविणे शक्य झालेले नाही."

सत्तेचाळीसही पेरूंच्या देठाला दोन-दोन पानं होती.